पोटखराब्यात चार दिवस

दिवस पहिला : सावंतवाडीहून आंबोली

महसूल खात्यात माझी एकतीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी तलाठी म्हणून. सातबाऱ्यावर एखादा शब्द मी हजारो वेळा लिहिला असेल, तर तो 'पोटखराबा'. ज्या जमिनीत पीक येत नाही, म्हणजे कातळ, सडा (कातळाचं उघडं पठार), ओहोळ, दलदल, ती लागवडीच्या क्षेत्रातून वजा करायची आणि पोटखराब्याच्या रकान्यात टाकायची. तिच्यावर आकार, म्हणजे सरकारी सारा, बसत नाही. पिकत नाही म्हणजे तिथे काही नाही, अशीच आमची समजूत होती. आमची म्हणण्यापेक्षा माझी.

गेल्या दिवाळीत भाचीने मोबाईलवर एक फोटो दाखवला. अंगठ्याएवढा एक भेक, म्हणजे खडबडीत कातडीचा बेडूक, कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे. ती प्राणिशास्त्र शिकते. म्हणाली, "मामा, हा जगात फक्त आंबोलीला सापडतो. आणि आंबोलीत कुठे, तर तुमच्या पोटखराब्यात." तेव्हापासून मनाला चुटपुट लागली होती. मृग सरता सरता शेवटी निघालो.

मी राजापूरकडून एसटीने सावंतवाडीला आलो आणि तिथून आंबोलीची गाडी पकडली. दाणोली मागे पडल्यावर घाट सुरू झाला आणि वळणागणिक हवा बदलत गेली. मुख्य धबधब्यापाशी पोहोचेपर्यंत धुकं एवढं दाट झालं होतं की ड्रायव्हरने दिवे लावले. खाली कोकणात उकाडा आणि वर सुमारे सातशे मीटरवर अंगात स्वेटर. भाची कोल्हापूरहून आजऱ्यामार्गे गाडी घेऊन आधीच पोहोचली होती. ज्यांच्या घरी उतरलो तिथला मुलगा पर्यटकांना रात्रीची रानवाट दाखवतो. जेवण होताच गमबूट आणि बॅटऱ्या घेऊन आम्ही तिघे बाहेर पडलो.

सड्यावर पाय ठेवण्याआधी त्याने थांबवलं. "काका, बॅटरी खाली धरा. पाय बघून टाका. डबक्यांत अंडी असतत."

डबकी म्हणजे काय, तर कातळातल्या वाटीएवढ्या, ताटाएवढ्या खळग्यांत साचलेलं दोन बोटं पाणी. मी उकिडवा बसलो. एका खळग्याच्या काठावर तो बसला होता. फोटोतल्यापेक्षा लहान वाटला. पाठ कातळाच्याच रंगाची, खडबडीत. बॅटरी बाजूने धरली तेव्हा कुशीवरचे पिवळे पट्टे उजळले. गळा फुगला आणि आवाज आला. मग डावीकडून दुसरा, मागून तिसरा, आणि बघता बघता सगळा सडा बोलू लागला.

भाचीने सांगितलं ते थोडक्यात असं. डॉ. एस. डी. बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली या भेकाची शास्त्रीय नोंद केली. शास्त्रीय नाव झँथोफ्रिन टायग्रिना, पट्ट्यांवरून पडलेलं. त्याचा एकुलता एक भाऊबंद कोयनेच्या परिसरात आहे. पहिल्या पावसाचे थोडे दिवस हे सड्यावर एकत्र येतात आणि असल्या उथळ खळग्यांत अंडी घालतात. पावसाने चार दिवस ओढ दिली की खळगा आटतो, त्यामुळे पिल्लांची सगळी धावपळ पाणी संपायच्या आत पाय फुटावेत यासाठी. खोल तळं जवळ असलं तरी त्यांना ते नको असतं. त्यांना लागतो हाच उघडा कातळ आणि हेच दोन बोटं पाणी. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत हा भेक 'अतिसंकटग्रस्त' आहे, आणि त्या यादीत याच्या वरची पायरी नामशेष होण्याचीच.

परतताना डांबरी रस्त्याने आलो. शनिवार होता. धबधब्याला आलेल्या गाड्या रात्री अकरालाही सुसाट चालल्या होत्या. ओल्या रस्त्यावर उष्णतेला, किड्यांना आलेले बेडूक चाकांखाली सापडतात. मोजणी हा माझा जन्माचा धंदा, म्हणून मोजत चाललो. अकरा मेलेले मोजले आणि मग मोजवेना. त्यातले भेक किती आणि बेडूक किती, हे ओळखण्याजोगं काही उरलं नव्हतं. पावसाळ्यातल्या या पंधरा-वीस रात्री तेवढ्या पट्ट्यात गाड्यांचा वेग आवळला, तर कुणाचा धंदा बुडणार नाही. धबधबा दिवसा बघायचा असतो.

दिवस दुसरा : हिरण्यकेशी

सकाळी हिरण्यकेशीला गेलो. नदी इथे एका गुहेतून बाहेर येते, तोंडाशी देवीचं देऊळ आणि पुढे दगडी कुंड. पावसाळ्यात गुहेतला गारवा अंगावर येतो. इथलं पाणी पुढे घटप्रभेला मिळतं आणि तिच्याबरोबर कृष्णेला. म्हणजे सह्याद्रीच्या या धारेवर पडलेला एक थेंब अरबी समुद्र जवळ टाकून बंगालच्या उपसागराची वाट धरतो. शाळेत भूगोलात शिकलो होतो, पण कुंडाच्या काठी उभं राहिल्यावर ते आतून जाणवलं.

कुंडाच्या तळाशी खड्यांवर करंगळीहूनही लहान मासे चिकटल्यासारखे बसलेले असतात. लोच जातीचे. २०२० साली हा मासा विज्ञानाला नवा म्हणून नोंदला गेला आणि त्याला या जागेचंच नाव मिळालं, शिस्टुरा हिरण्यकेशी. लगेच पुढच्या वर्षी राज्य सरकारने इथलं २.११ हेक्टर क्षेत्र जैविक वारसास्थळ म्हणून घोषित केलं. २००२ च्या जैविक विविधता कायद्याचं ३७ वं कलम त्यासाठी आहे. सव्वापाच एकर. माझ्या नोकरीत यापेक्षा मोठे बांधाचे वाद मी मिटवले आहेत. पण एका माशासाठी एवढी जमीन कागदावर चढली, हे वाचून मला खरोखर भरून आलं. सातबाऱ्यावर बोजा चढतो, वारस चढतात, कुळ चढतं. मासा चढलेला मी कधी पाहिला नव्हता.

कागद झाला तरी रोजचं काम उरतंच. एक बाई कुंडातून वाहणाऱ्या पाण्यात मुलाचे हात साबणाने धुऊ लागल्या. पुजाऱ्यांनी शांतपणे सांगितलं, "ताई, इथं नको. खाली मासे आहेत, देवीचे." त्यांनी चटकन साबण पिशवीत टाकला. कायद्याचं कलम सांगितलं असतं तर वाद झाला असता. देवीचे म्हटल्यावर काहीच बोलणं झालं नाही. मला वाटतं, आपल्याकडे हे दोन्ही लागतं. नुसत्या श्रद्धेवर सोडलं तर उद्या देवळाचा जीर्णोद्धार करताना कुंडाला फरशी बसेल. नुसत्या कायद्यावर सोडलं तर बघायला माणूस नाही.

आंबोली, चौकूळ आणि गेळे या तीन गावांतल्या जमिनींचा कबुलायतदार गावकरांचा प्रश्न महसूल खात्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांच्या नावावर जमीन नाही, हा अन्याय आहे आणि तो दूर झालाच पाहिजे. पण वाटप होईल तेव्हा सडे आणि देवराया गावाच्या नावाने सामायिक राहाव्यात असं मला फार वाटतं. एकदा पोटहिस्से पडले की कुंपण येतं, आणि कुंपणामागोमाग जेसीबी.

दुपारी चौकूळच्या वाटेवर पाऊस थोडा उघडला. रस्त्याकडेच्या एका डबक्यावर वाकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा लटकत होता, दुधावरची साय गोळा करून ठेवावी तसा. मलबारी उडत्या बेडकाचं ते घरटं. मादी अंडी घालताना पायांनी द्रव घुसळून फेस करते आणि पानं जवळ ओढून त्याला गुंडाळते. बाहेरून तो वाळतो, आत ओल टिकते. अंड्यांतून पिल्लं निघाली की फेस विरघळतो आणि ती टपटप खालच्या पाण्यात पडतात. आम्ही पाहत होतो त्या घरट्याची खालची कड पातळ झाली होती. पाच मिनिटांनी तिथून एक थेंब लोंबला. थेंबात शेपटी वळवळत होती. तो पडला, पाण्यावर एक वलय उमटलं, आणि मग काही नाही. भाचीने माझा दंड घट्ट धरला होता. आम्ही दोघंही बोललो नाही.

तेवढ्यात मोठ्या कॅमेऱ्यांची चार माणसं आली. त्यातल्या एकाने शेजारच्या झुडपावरचा हिरवागार बेडूक हातात घेतला आणि उजेड बरा मिळतो म्हणून पलीकडच्या पानावर नेऊन ठेवला. आमच्याबरोबरचा मुलगा एरवी अबोल, पण पुढे झाला. "दादा, त्येका होतो थंयच ठेवा. हाताचो घाम आणि मच्छरांचा मलम त्येच्या कातडीक लागता." बेडूक कातडीतूनही श्वास घेतो. आपल्या हातावरची क्रीम त्याच्या अंगात जाते. त्या गृहस्थांनी बेडूक परत ठेवला हे सांगायलाच हवं. लोकांना बहुतेक वेळा ठाऊक नसतं, एवढंच.

दिवस तिसरा : तिळारी घाट, बांबर्डे

पहाटे निघून चंदगडच्या बाजूने तिळारी घाटाने दोडामार्गात उतरलो. घाट अरुंद आणि तीव्र उताराचा, पावसात दरडींचा. भाचीने गाडी फार जपून चालवली.

खाली उतरल्यावर जे दिसलं ते बघून मी गप्प झालो. डावीकडे गच्च रान आणि उजवीकडे तोच डोंगर बोडका. लाल मातीवर आखून काढल्यासारख्या ओळी, काही ठिकाणी रबर, काही ठिकाणी अननस. हे सरकारी जंगल नव्हे, खाजगी मालकीचं रान. याचा सातबारा कसा असतो ते मला पाठ आहे : साठ-सत्तर नावं, निम्मी मुंबईला, काही कधीच गावाकडे न आलेली. कुणीतरी एकेकाला गाठून सह्या घेतो, सगळ्यांचे हिस्से मिळून एका परक्या माणसाच्या नावे खरेदीखत होतं, आणि एका उन्हाळ्यात डोंगर साफ होतो. विकणाऱ्याला आपण काय विकलं हे शेवटपर्यंत कळत नाही. त्याच्या दृष्टीने तो आजोबांच्या नावचा न पिकणारा तुकडा असतो.

या पट्ट्याचं मोल सह्याद्रीच्या नकाशावर बघितलं की कळतं. राधानगरीकडून येणारं रान आंबोली, तिळारीवरून गोव्याच्या म्हादईला आणि पुढे कर्नाटकातल्या भीमगडाला जाऊन मिळतं. वाघाची वाट हीच. सावंतवाडी-दोडामार्गच्या या पट्ट्यात वृक्षतोडीला मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली मनाई केली. २०२० साली तिळारीचं २९.५३ चौरस किलोमीटर रान संवर्धन राखीव झालं. पण पश्चिम घाट कसा राखावा यावर डॉ. माधव गाडगीळांच्या समितीने २०११ साली अहवाल दिला, कस्तुरीरंगन समितीने २०१३ साली, आणि त्यानंतर संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदेच निघत राहिले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा. मसुद्याला हरकती मागवतात, मुदत संपते, पुन्हा मसुदा. मी त्याच यंत्रणेत वाढलो, म्हणून सांगतो : ज्या प्रकरणावर अंतिम आदेश नाही, त्यात जमिनीवरचा माणूस आपलं काम उरकून घेतो.

वाटेत चहाला थांबलो तिथे हत्तींचा विषय निघाला. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून उतरलेले हत्ती या तालुक्याला नवे राहिले नाहीत. चहावाल्या काकांच्या केळी आणि माड एका रात्रीत आडवे झाले होते. पंचनामा झाला, भरपाई मिळाली, पण माड लागवडीपासून धरायला लागेपर्यंतची वर्षं कुठल्या पंचनाम्यात बसतात? मी असे पंचनामे केले आहेत. झाडाला दर असतो, वर्षांना नसतो. जंगल वाचवा म्हणताना या माणसाचं म्हणणं बाजूला टाकून पुढे जाता येणार नाही.

हेवाळे-बांबर्ड्याला पोहोचलो तेव्हा पाऊस कोसळत होता. एक आजोबा डोक्यावर इरलं घेऊन आमच्यापुढे चालू लागले. राईच्या तोंडाशी त्यांनी चपला काढल्या. आम्हीही काढल्या.

आत शिरलो आणि पायाखालची जमीन बदलली. घोट्याएवढं संथ, गार पाणी, तळाला काळा चिखल, आणि त्या चिखलातून वर आलेली मुळं. जमिनीतून निघून गुडघ्यासारखी वाकून पुन्हा जमिनीत गेलेली. शेकडो गुडघे. बुंध्यांनाही खाली तिरके पाय फुटलेले, झाड टेकू देऊन उभं केल्यासारखं. चिखलात हवा नसते, म्हणून मुळं श्वासासाठी वर येतात. समुद्राकाठच्या कांदळवनात मी असं पाहिलं होतं. पण इथे समुद्र दूर, पाणी गोडं, आणि झाडं जायफळाच्या कुळातली. यांना मायरिस्टिकाच्या दलदली म्हणतात. केरळात आणि उत्तर कन्नडात त्या आहेत, गोव्यात सत्तरीत आहेत. बांबर्ड्याची ही महाराष्ट्रातली. हिचं २.५९ हेक्टर क्षेत्रही जैविक वारसास्थळ झालं आहे.

एका बुंध्याला जुनी खोक पडली होती, फांदी मोडून असावी. तिच्यातून ओघळून वाळलेला रस रक्तासारखा लाल होता. मी बोट लावलं. आजोबा म्हणाले, "ह्येका कोयतो लागलो तर रगत येता. म्हणान कोण हात लावीत नाय."

मी विचारलं, आजूबाजूला अशा दलदली आणखी असतील ना? ते म्हणाले, "असतले. पाणी बारमास, माती काळी, मगे माणूस थंय काय करतलो? सुपारी लावतलो, वायंगण करतलो. ही देवाची राय आसा म्हणान रवली."

मी त्या पाण्यात बराच वेळ उभा होतो. माझ्या भाषेत ही जागा म्हणजे 'पोटखराबा, पाणथळ', एका ओळीचं काम. पाणी कुठून येतं, उन्हाळ्यात खालच्या बागांना ओहोळ कसा पुरतो, फळं कुठले पक्षी खातात आणि बिया कुठे नेऊन टाकतात, यातलं एकही त्या ओळीत मावत नाही. आणि ज्यांना हे मावत नाही याची कल्पनाही नव्हती, अशा माझ्यासारख्यांनी जिल्हेच्या जिल्हे लिहून काढले. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. रकानाच नव्हता.

निघताना आजोबांनी राईच्या बाहेर येऊन मागे वळून हात जोडले. भाची त्यांच्या पाया पडली.

दिवस चौथा : घरी

भाचीने मला बांद्यामार्गे महामार्गावर आणून सोडलं आणि ती परत गेली. मी दुपारी गावी पोहोचलो, जेवलो आणि छत्री घेऊन आमच्या सड्यावर गेलो. घरापासून पंधरा मिनिटं. लहानपणी इथे गुरं राखली.

सड्याच्या पूर्वेच्या अंगाला चुलत पुतण्याने यंदा आंब्याची कलमं लावली आहेत. आधी सुरुंग, मग जेसीबी, मग खड्ड्यांत बाहेरून आणलेली माती. पोटखराबा 'अ' वर्गाची जमीन लागवडीखाली आणली की नोंद बदलून मिळते, क्षेत्र वाढतं, कर्जही जास्त मिळतं. त्याला दोन मुलं शिकवायची आहेत, त्याचं चुकलं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण नोंद बदलण्याआधी त्या जागेवर काय जगतं आहे, हे एकदा बघण्याचं बंधन नियमात असायला हवं, असं मला या चार दिवसांनंतर ठामपणे वाटतं. आणि सडा राखणाऱ्यालाही आंबा लावणाऱ्याइतका नाही, तरी काही मोबदला मिळायला हवा.

पश्चिमेचा भाग अजून शाबूत आहे. तिथे गवताच्या पात्यांमधून पांढऱ्या फुलांचे दांडे वर आले होते, ढोपराएवढे, वाऱ्यावर डुलणारे. मी फोटो भाचीला पाठवला. दोन मिनिटांत फोन वाजला. "मामा, दीपकाडी! डिपकाडी कोंकणेन्से. कोकणातल्या कातळांशिवाय जगात कुठेच नाही." साठ वर्षं मी या फुलाच्या शेजारून चाललो आहे.

संध्याकाळी ग्रामपंचायतीत जाऊन लोक जैवविविधता नोंदवही मागितली. कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती लागते आणि तिने ही नोंदवही लोकांना विचारून तयार करायची असते. हरित लवादाने त्यासाठी ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली होती. आमची नोंदवही त्याच घाईत झालेली असावी. कपाटातून निघाली ती करकरीत होती. आंबा, काजू, फणस, गाय, म्हैस, कोंबडी. सड्याच्या पानावर एकच शब्द होता : निरंक.

समितीच्या सचिवांना विचारलं, दुरुस्ती करता येईल का. म्हणाले, समितीपुढे ठेवू, तुम्ही यादी करून आणा.

रात्री वहिनींकडे बसलो. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे, सड्यावरची एकही भाजी त्यांना ठाऊक नाही असं नाही. मी कागद घेतला, त्या सांगत गेल्या. फोडशी कुठे येते, भारंगी कुठल्या बांधाला, पेवगा कधी कोवळा असतो, अळंबी कुठल्या वारुळावर उठते आणि कुठली खायची नाही. फोन पुढे करून दीपकाडीचा फोटो दाखवला, तर म्हणाल्या, "हां, हे पहिल्या पावसातलं. आठवडा-दोन आठवडे असतं." प्रत्येक नावापुढे मी सर्व्हे नंबर आणि महिना लिहिला. बावीस नावं झाली. मी पुढचा कागद घेतला तर त्यांनी हात वर केला.

"पुरे आता. बाकीची गौरीच्या वेळी लिही. सडा तेव्हा भरतो. आणि इथे बसून नको, मला वर घेऊन चल."